नाक दिसलं, आता आईची वही दाखवा

पहाटे साडेपाच. वाड्याचं फाटक उघडायच्या आधी बाहेर थांबून कान द्यायचा. पावसाळ्यात खोकला आधी ऐकू येतो, आजार मागून दिसतो. मग आत शिरायचं. निरोगी मेंढी माणूस जवळ येताच उठते, अंग ताणते. जी बसूनच राहिली, तिच्याकडं आधी.

सहा वाजता वही. आषाढ हा आमच्या जत भागात मेंढा लावायचा मोठा हंगाम. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासलेला असतो. ज्या मेंढीच्या पाठीमागं तांबडा डाग, तिच्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, मेंढ्याचा नंबर लिहायचा. सतरा दिवसांनी गेरूऐवजी नीळ. एखाद-दुसरीवर निळा डाग पडला तर ती उलटली एवढंच. निम्म्या खांडावर पडला तर खोट मेंढ्यात. तांबड्या डागावर थांबलेली मेंढी साधारण 150 दिवसांनी, मार्गशीर्षात व्यायला येते.

माडग्याळी मेंढी हौशी माणसाला नाकावरून भुलवते. पोपटासारखं बाकदार नाक, लांब मान, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. 2020 च्या डिसेंबरात आटपाडीच्या 'सर्जा' या मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही; तेव्हापासून जो येतो तो नाकच विचारतो. नाक ही जातीची खूण आहे, हे मान्य. पण नाक कोकराला दूध पाजत नाही.

साडेसात. माघात फळलेली एक मेंढी रात्री व्याली होती. कोकराची नाळ आयोडीनमध्ये बुडवली, काट्याला टांगून वजन घेतलं. चीक तासा-दोन तासांत पोटात जायला हवा. पहिल्या दिवसभरात कोकराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. कास बघणं हे आईचं काम, तिचा हात चुकत नाही. तिनं सड पिळून बघितले आणि म्हणाली, "एका अंगाला दूध न्हाई बाबा. हिची लेक ठिवू नगंस." वहीत तसंच लिहिलं. कोकरी नाकानं देखणी आहे, ठिपकेही बरोबर जागी. तरीही ती पैदाशीला राहणार नाही.

नऊ. दव वाळल्याशिवाय खांड सोडत नाही, कारण रक्त पिणाऱ्या जंताची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात. चरून आल्यावर एकेकीची खालची पापणी उलटून बघतो. लाल असेल तर औषध नाही, फिकट असेल तर तिलाच. सगळ्या खांडाला दर महिन्याला औषध पाजलं की जंतच औषधाला सरावतात. पापणीच्या रंगाचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला. आमच्या माळाला तो चपखल बसतो. जिची पापणी पुन्हा पुन्हा फिकट पडते, तिची वंशावळ कितीही शुद्ध असो, ती बाजाराची. आंत्रविषाराची लस मात्र सगळ्यांना, आणि तीही पावसाआधी, कोवळं गवत फुटायच्या आत.

दुपार खुरांची. चिखलानं खूर सडतात. झिंक सल्फेटच्या दहा टक्के पाण्यात पाय उभे करायचे. पुष्कळजण मोरचूद वापरतात. मेंढीच्या अंगाला तांबं सोसत नाही, म्हणून मी ते वाड्यात आणत नाही. गाईंचं क्षारमिश्रणही याच कारणानं लांब. चार महिने ओलांडलेली नर कोकरं वेगळ्या कुडात, नाहीतर वहीला काही अर्थ उरायचा नाही.

चार वाजता शेजारच्या गावी मेंढा बघायला. माझा मेंढा उत्तम आहे, पण त्याच्या लेकी आता माजावर यायला लागल्या. बाप-लेकीचं कोकरू म्हणजे 25 टक्के अंतःप्रजनन: कोकरं दुबळी, मर जास्त. शुद्ध जात राखायची म्हणजे घरातल्या घरात जोड्या लावायच्या, असा समज आहे. त्या समजानं भली भली खांडं बसली.

"पावनं, नाक बघा की!" मालक म्हणाले.

खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकत होते. दोन्ही अंड सारखे, घट्ट. खुरं सरळ. "नाक दिसलं. आता आईची वही दाखवा."

"आईची? आई कवाच इकली."

भाव त्यांनी उतरवला, चहाही पाजला. मी रिकाम्या हातानं परतलो.

सात. मेंढ्या गाभण राहायच्या दिवसांत प्रत्येकीला 200 ग्रॅम मक्याचा भरडा; हंगामाआधी दोन-तीन आठवड्यांपासून चालू आहे. अंगावर थोडं चढलं की जुळी धरण्याची शक्यता वाढते. मेंढ्याला थोडा जास्त, आणि रात्री एकटा बांधायचा.

माझ्या मेंढ्याच्या लेकी त्याच्यापासून वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. आई-बापाच्या नोंदीसकट माडग्याळी मेंढा कुणाकडं असेल तर हा हंगाम सरायच्या आत कळवा. नाकाचा बाक थोडा कमी असला तरी चालेल.