पावागडावर बाळ: भीती उंचीची नको, उन्हाची हवी

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या मराठी कुटुंबांना जवळचा खराखुरा डोंगर म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरचा पावागड. चांपानेरसह तो २००४ पासून जागतिक वारसा आहे. ‘एवढ्या उंचावर तान्ह्याला कशाला?’ हा घरातल्या आजीचा पहिला प्रश्न. काळजी रास्त आहे, पण रोख चुकतो. विरळ हवेचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. पावागड जेमतेम ८०० मीटरचा. खरी धास्ती उन्हाची. चढणाऱ्या बापाला घाम येऊन गारवा मिळतो, पाठीवरचं बाळ मात्र निमूट तापत राहतं. आणि हिवाळी पहाटे बाप चालून गरम होतो, तेव्हा हालचाल नसलेलं तेच बाळ गारठतं. म्हणून स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधू नये, बाळाच्या छातीला, मानेला हात लावून पाहावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजू नये. थांबून, सावलीत, वरचेवर अंगावरच पाजावं.

‘पहाडी बायका मुलं पाठीला बांधून चढतातच की,’ असंही म्हटलं जातं. खरं आहे, पण ती हवा, ती वाट त्यांच्या रोजच्या सवयीची असते. आपल्याकडच्या चौकटीच्या पाठझोळीत तर बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावरच ठेवावं. माचीवरून रोपवे आहे, त्यानं चढ वाचतो. माथ्यावरच्या देवळातली नवरात्रातली गर्दी मात्र वाचत नाही. तेव्हा बाळासाठी पावागड नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या वारी, सकाळी लवकर.