घरच्या कोठींतील केक-पावाचें साहित्य

नाताळ जवळ आला म्हणजे पुष्कळ घरीं केक करण्याचे बेत सुरू होतात. लोणी, अंडीं, मनुका असे महाग जिन्नस बाजारांतून ताजे आणिले जातात. बेकिंग पावडर मात्र गेल्या वर्षींच्या डब्यांतील वापरली जाते. मग केक फुगला नाहीं म्हणजे दोष भट्टीला किंवा करणाऱ्या माउलीच्या हाताला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदां दोष त्या जुन्या पावडरीचा असतो. थोड्या रुपयांची वस्तु निःसत्त्व झाल्यामुळें शेंकडों रुपयांचे जिन्नस वाया जावेत, हें काटकसरीनें चालणाऱ्या संसारास परवडणारें नाहीं. म्हणून कोठींत काय ठेवावें, किती ठेवावें व तें चांगलें आहे हें कसें ओळखावें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम मैदा. गव्हाचें पीठ पाणी घालून मळलें म्हणजे त्यांत ग्लूटेन नांवाचा चिवट पदार्थ तयार होतो. तो रबराप्रमाणें ताणला जातो व आंत उत्पन्न होणारा वायु कोंडून धरतो. ज्वारी-तांदुळाच्या पिठांत ग्लूटेन नसल्यामुळें त्यांचा तसा पाव होत नाहीं. याच कारणास्तव पावाचें पीठ भरपूर मळावयाचें असतें. उलट, केकच्या मिश्रणांत मैदा पडल्यावर तें फार घोटावयाचें नसतें, नाहींतर केक चिवट होतो. कणकेंत गव्हाच्या अंकुराचें तेल असतें व तें कालांतरानें खवट होतें. मैद्यांतून अंकुर व कोंडा काढिलेला असल्यामुळें तो अधिक टिकतो. तथापि पावसाळ्यांत त्यालाही दमटपणा व किडे लागतात.

आतां फुगविणाऱ्या वस्तु. त्या तीन आहेत: खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर व यीस्ट. तिघींचें काम एकच, कार्बन डायऑक्साइड वायु निर्माण करणें. परंतु रीति निराळ्या.

सोड्याला आम्लाची जोड लागते. दहीं, ताक किंवा लिंबाचा रस असेल तेव्हांच तो नीट काम करतो. आम्ल कमी व सोडा जास्त झाला तर केकला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरींत सोडा, कोरडें आम्ल व थोडें पिठूळ द्रव्य एकत्र असतें. ओल व उष्णता लागतांच तिचें काम सुरू होतें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनीं १८४३ सालीं अशी पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीस यीस्टचे पदार्थ सोसत नसत, म्हणून ही खटपट! पत्नीच्या पथ्यासाठीं केलेली वस्तु पुढें घरोघरीं गेली.

यीस्ट हा जिवंत सूक्ष्म जीव आहे. तो पिठांतील साखर खाऊन वायु सोडतो. गोमंतकांतील पोदेर पूर्वीं माडाच्या सुरेनें पाव आंबवीत, कारण सुरेंत यीस्ट आपोआप वाढतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील खमिराच्या दृष्टांतांत तीन मापें पीठ थोड्याशा खमिरानें फुगतें, तें याच जीवाचें कार्य होय.

या तिन्ही वस्तूंची परीक्षा अगदीं सोपी आहे व मुलांनाही करतां येईल. अर्धा कप गरम पाण्यांत चमचाभर बेकिंग पावडर टाकावी. लगेच खळखळून फेंस आला तर ती चांगली. सोड्यावर लिंबाचा रस पिळावा. तो जोरानें फसफसला पाहिजे. यीस्ट चिमूटभर साखरेसह कोमट पाण्यांत भिजवावें. दहा मिनिटांत फेंस आला तर तें जिवंत आहे असें समजावें. पाणी मात्र कढत नसावें, त्यानें यीस्ट मरतें.

नवशिक्या गृहिणीच्या कोठीस एवढें पुरे: मैदा १ किलो, साखर १ किलो, बेकिंग पावडर १०० ग्रॅम, सोडा १०० ग्रॅम, कोरड्या यीस्टची लहान पुडी, व्हॅनिलाची लहान बाटली, मीठ, जायफळ व वेलची. साखर लागेल तशी घरींच वाटावी. लोणी व अंडीं आयत्या वेळीं आणावीं. साधारणतः एक कप मैद्यास सपाट चमचाभर बेकिंग पावडर पुरते. सोडा असेल तर पाव चमचा.

सर्व जिन्नस घट्ट झाकणाच्या कोरड्या बरण्यांत, चुलीपासून दूर ठेवावे. ओला चमचा आंत घालूं नये. प्रत्येक बरणीवर उघडल्याची तारीख चिकटवावी व जुनें आधीं संपवावें. यीस्टची उघडलेली पुडी घट्ट बंद करून फ्रीजमध्यें ठेवावी.

विद्यार्थ्यांनो, रसायनशास्त्राच्या तासाला आम्ल व अल्कली तुम्ही शिकतां. तेंच ज्ञान आईच्या कोठींत उपयोगी पडतें. येत्या सणापूर्वीं मुलामुलींनीं मिळून घरचे डबे तपासावे, तारखा लिहाव्या व निकामी झालेलें साहित्य वेळींच बदलावें. घरांतील कष्टाचा पैसा वांचविणें हीही मातापितरांची एक सेवाच आहे.