तीनतालाचा एक विभाग उचलताना

मी रामनगरहून बोलतोय. गंगेपलीकडे बनारस, तबल्याच्या बनारस घराण्याचं शहर. म्हणून आजचं उदाहरण तबल्याचं. ट्रॅकरमधला पॅटर्नचा एक तुकडा, म्हणजे ब्लॉक, निवडून हलवायचा असेल, तर कोडमध्ये काय करावं लागतं?

ट्रॅकर म्हणजे सुरांचा तक्ता. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीत काळ डावीकडून उजवीकडे जातो, इथे वरून खाली. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की यांचा 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' अमिगा संगणकासाठी आला. त्याच्या पॅटर्नमध्ये ६४ ओळी, ४ चॅनल आणि प्रत्येक घराला ४ बाइट. एकूण १,०२४ बाइट. एका मात्रेला ४ ओळी दिल्या की तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन एका पॅटर्नमध्ये चपखल बसतं. मोजणी शून्यापासून असते, म्हणून तिसरा विभाग ३२ ते ४७ या ओळींत येतो.

समजा, तबला दुसऱ्या चॅनलवर आहे. तिथला हा विभाग निवडला की पडद्यावर सलग उभा पट्टा दिसतो. मेमरीत मात्र तो सलग नसतो. तिथे आधी एका ओळीचे चारही चॅनल, मग पुढची ओळ. घराचा पत्ता असा : (ओळ × ४ + चॅनल) × ४. दुसऱ्या चॅनलचा क्रमांक १, म्हणून ३२व्या ओळीचा पत्ता ५१६ आणि ३३व्या ओळीचा ५३२. मधले १२ बाइट इतर वाद्यांचे. ५१६पासून सलग ६४ बाइट उचलले, तर तबल्याच्या १६ऐवजी चारच ओळी हाती लागतात, आणि सोबत तानपुरा-हार्मोनियमही ओढून येतात. म्हणून एकेक ओळ घेत जायचं.

निवड करताना माणूस खालून वरही ओढतो. त्यामुळे दोन टोकांतली लहान ओळ आधी, मोठी नंतर, असं लावून घ्या. ४७मधून ३२ वजा केले की १५ उरतात. ओळी मात्र १६ आहेत. तो एक मिळवायला विसरू नका.

आता हा विभाग एक मात्रा, म्हणजे ४ ओळी, खाली सरकवू. बोल आहेत 'धा तिं तिं ता'. वरून खाली नक्कल करत गेलात, तर पहिला 'धा' दुसऱ्या मात्रेवर बसतो. मग तिथला, नुकताच बदललेला, 'धा' तिसरीवर जातो. शेवटी सगळीकडे 'धा'च! खालची खाली गेली. उपाय दोन : शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, किंवा आधी पूर्ण ब्लॉक वेगळ्या जागी उतरवून घ्या. मला दुसरा आवडतो, कारण तो वर सरकवतानाही चालतो.

सूर चढवतानाही जपा. या फाइलींत सुराऐवजी 'पीरियड' साठवतात : मधल्या सप्तकाच्या सी सुराला ४२८, वरच्या सप्तकात २१४. सूर चढला की आकडा घटतो, तोही सारख्या टप्प्यांनी नाही. म्हणून तक्ता वापरायचा. शून्य म्हणजे रिकामं घर, त्याला हात लावायचा नाही.

आणि काहीही बदलण्याआधी, जिथे लिहिणार आहात तिथली जुनी घरं जपून ठेवा. अशा चुकांनी प्रोग्रॅम बंद पडेलच असं नाही. तो निमूटपणे दुसऱ्याची रचना मोडतो, आणि ते कळतं गाणं वाजल्यावर. तोवर फाइल सेव्ह झालेली असेल, तर मूळ बोल परत कुठून आणणार?