तिकडे फुटल्या गाड्या, इकडे फुटले दरवाजे!

एक सोपा प्रश्न. पडद्यावर गाडी रॅम्पवरून हवेत झेपावते, खालची पोलिसांची गाडी ओलांडते, पलीकडे धाडकन उतरते आणि धुरळा उडवत सुसाट निघून जाते. सांगा बघू, या एका सीनला गाड्या किती लागल्या?

'एक' असं उत्तर मनात आलं असेल, तर पुढचं नीट वाचा. कमीत कमी दोन लागतात. एक उडी मारायला आणि दुसरी निघून जायला. जी उडी मारते ती निघून जातच नाही. ती जाते भंगारात.

पाठलागाच्या मालिकांचे जगभर कोट्यवधी चाहते आहेत. त्यातल्या गाडीचं नाव, नंबर, हॉर्न सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण पडद्यामागच्या गोष्टी त्याहून भन्नाट आहेत. शिवाय त्यातली एक गोष्ट थेट आपल्या वरंध घाटाशी येऊन भिडते. कशी, ते शेवटी.

नारिंगी गाडी आणि तिची तीनशे भावंडं

'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' हे नाव आपल्या पिढीतल्या अनेकांनी ऐकलं नसेल. पण छपरावर झेंडा, दारावर ०१ हा आकडा आणि भडक नारिंगी रंग अशी एक गाडी हवेत उडताना तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये नक्की पाहिली असेल. तीच ती 'जनरल ली'. मॉडेल १९६९ची डॉज चार्जर.

२६ जानेवारी १९७९ ला ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि फेब्रुवारी १९८५ पर्यंत चालली. सात सीझन, १४७ भाग. गोष्ट अगदी साधी. जॉर्जिया राज्यातला हॅझर्ड नावाचा काल्पनिक परगणा, तिथे राहणारे बो आणि ल्यूक हे दोन चुलतभाऊ, त्यांच्या मागे हात धुऊन लागलेला लाचखोर पुढारी बॉस हॉग आणि त्याच्या खिशातला शेरीफ रॉस्को. दर भागात पाठलाग, दर भागात उडी. शेरीफची गाडी चिखलात, ड्यूक बंधू पसार.

पहिली उडी नोव्हेंबर १९७८ मध्ये जॉर्जियातल्या ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात चित्रित झाली. गाडी साधारण १६ फूट उंच गेली आणि ८२ फूट लांब उडाली. हाच शॉट पुढे मालिकेच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दर आठवड्याला दिसायचा. लाखो पोरांनी तो पाहून सोफ्यावरून उड्या मारल्या. त्या गाडीचं काय झालं? जमिनीवर आदळल्या क्षणी ती निकामी झाली.

यात नवल काहीच नाही. बारावीचं फिजिक्स आठवा. १६ फूट म्हणजे जवळपास पाच मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणारी कुठलीही वस्तू खाली येईपर्यंत ताशी ३५ किलोमीटरचा वेग पकडते, तोही सरळ खालच्या दिशेने. म्हणजे दीड टनापेक्षा जड गाडी इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून खाली टाकल्यासारखंच झालं. चासी वाकते, इंजिनाचे माउंट तुटतात, सस्पेन्शन आत घुसतं. आणि चालवणाऱ्याच्या पाठीच्या कण्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

शिवाय अशा गाड्यांचं इंजिन पुढे असतं. सगळं वजन नाकात. हवेत गेली की गाडी नाक खाली करून आदळणार. त्यावर उपाय म्हणून स्टंट टीम डिकीत काँक्रीट किंवा वाळूच्या पिशव्या भरायची. चांगलं दोन-चारशे किलो वजन. तेव्हा कुठे ती पडद्यावर विमानासारखी सरळ तरंगताना दिसायची.

सात सीझनमध्ये अशा किती चार्जर वापरल्या गेल्या याचा नेमका हिशेब लागत नाही. चाहत्यांची गणितं अडीचशेपासून सव्वातीनशेपर्यंत जातात. शेवटी शेवटी अशी वेळ आली की बाजारात त्या मॉडेलच्या गाड्याच मिळेनात. मग दुसऱ्याच कंपनीच्या गाड्यांना नारिंगी रंग फासून उडवलं गेलं. जुन्या उड्यांचे शॉट पुन्हा पुन्हा वापरले गेले. शेवटच्या काळात तर चक्क छोट्या प्रतिकृती उडवल्या. तुम्ही भाग नीट पाहिलात तर काही ठिकाणी खेळण्यातली गाडी सहज ओळखू येते.

चाहत्यांच्या वहीतून

• गाडीची दारं वेल्डिंग करून बंद केलेली, असं मालिकेत दाखवलंय. म्हणून दोघं भाऊ कायम खिडकीतून आत उडी मारतात.

• १९८२ मध्ये खेळणी आणि इतर वस्तूंच्या विक्रीतला वाटा नीट मिळत नाही म्हणून दोन्ही मुख्य नट, टॉम वोपॅट आणि जॉन श्नायडर, मालिका सोडून गेले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी कॉय आणि व्हॅन्स असे दोन नवे चुलतभाऊ आणले. प्रेक्षकांना ते पटले नाहीत आणि १९८३ मध्ये जुनी जोडी परत आली.

• पहिली उडी मारणारी गाडी अनेक वर्षं भंगारात पडून होती. चाहत्यांनी ती शोधली, दुरुस्त केली. २०१२ मध्ये गोल्फपटू बब्बा वॉटसनने ती लिलावात १ लाख १० हजार डॉलरना घेतली.

• छपरावरचा तो झेंडा गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांवर गोळीबार झाला. त्यानंतर एका वाहिनीने मालिकेचं पुनर्प्रसारण थांबवलं आणि वॉटसननेही आपल्या गाडीवरचा तो झेंडा काढायचं ठरवलं. 'मस्त गाडी' एवढ्यावर गोष्ट संपत नाही ती अशी.

बाबांच्या पिढीची किट आणि स्ट्रीट हॉक

आता घरात जरा बाबांना नाहीतर काकांना विचारा, 'स्ट्रीट हॉक' आठवते का? डोळे चमकले नाहीत तर बोला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन बघत वाढलेल्या पिढीला ही काळी मोटरसायकल अजून पाठ आहे. ताशी ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटरने धावणारी पोलिसांची गुप्त बाइक. अमेरिकेत ही मालिका १९८५ मध्ये फक्त १३ भागांत गुंडाळली गेली. बिचारीला तिथे कुणी विचारलं नाही, पण आपल्याकडे ती हिट! खरी बाइक म्हणाल तर होंडाची कच्च्या रस्त्यावर चालवायची गाडी. वरून काळं फायबरचं कवच चढवलेलं, बस.

त्याच सुमाराची 'नाइट रायडर' (१९८२ ते १९८६). तिच्यातली बोलणारी काळी पाँटिअॅक, नाव 'किट'. नाकावर डावी-उजवीकडे फिरणारा लाल दिवा ही निर्माता ग्लेन लार्सनच्याच आधीच्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेतल्या यंत्रमानवांची आठवण. किटचा आवाज दिला विल्यम डॅनियल्स या नटाने, पण त्याच्याच इच्छेने त्याचं नाव श्रेयनामावलीत येत नसे. आणि गाडी आपोआप चालते तो सीन? चालक सीटच्या खोट्या आवरणात लपून बसायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, सीट रिकामी आहे.

तर मुद्दा असा, की उडणारी गाडी वेगळी, बोलणारी वेगळी, जवळून दाखवायची वेगळी. आपल्याला दिसते ती एक गाडी प्रत्यक्षात अख्खा ताफा असतो.

आणि आपल्याकडे? दया आहे की!

अमेरिकेत आठवड्याला एक-दोन गाड्या मोडायचं बजेट होतं. आपल्या मालिकांना ते कुठून परवडणार? मग आपल्याकडे पाठलाग कसा झाला?

याचं उत्तर मुंबई दूरदर्शनपासून सुरू होतं. ऐंशीच्या दशकात तिथे 'एक शून्य शून्य' नावाची मराठी मालिका लागायची. नाव पोलिसांच्या १०० नंबरवरून, गोष्टी पोलिसांच्या तपासाच्या. ती करणारे बी. पी. सिंग हे पुण्याच्या एफटीआयआयमध्ये छायाचित्रण शिकलेले, दूरदर्शनमध्ये बातम्यांचे कॅमेरामन. त्यात काम करणाऱ्या एका नटाला आज अख्खा देश ओळखतो. शिवाजी साटम! बँकेतली नोकरी सांभाळून नाटक करणारा माणूस.

पुढे २१ जानेवारी १९९८ ला याच सिंग यांची 'सीआयडी' सोनीवर सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ पर्यंत १५००हून जास्त भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती परतही आली. म्हणजे हिंदीतल्या सगळ्यात लांब चाललेल्या गुन्हे-मालिकेचं मूळ आपल्या मराठी मालिकेत आहे. पुढच्या वेळी कॉलेजच्या क्विझमध्ये हे वापरा.

आता सीआयडीतला पाठलाग आठवा. गाडी येते, करकचून थांबते, चारही दारं एकदम उघडतात, सगळे धावत सुटतात. गाडीचं काम संपलं! खरा पाठलाग पायी. जिन्यावरून, गोदामातून, गच्चीवरून. आणि शेवटी बंद दार. अमेरिकन मालिकेत उडीने जे काम केलं, ते इथे दयाच्या खांद्याने केलं. दयानंद शेट्टी हे अभिनयाआधी थाळीफेक करणारे खेळाडू. दार तुटणं पटायचं ते त्यामुळेच. तेच दार २०१४च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्येही त्यांना तोडावं लागलं.

पैसा कमी म्हणून हिंमत कमी, असं मात्र नाही. ८ ऑक्टोबर २००४ ला या टीमने लोणावळ्यात एक भाग सलग १११ मिनिटं, एकही कट न घेता चित्रित केला. तो ७ नोव्हेंबरला दाखवला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. विचार करा, शंभराव्या मिनिटाला कुणी संवाद विसरला असता तर सगळं पहिल्यापासून!

वेग खोटा असतो

गाड्यांच्या सीनमधली आणखी एक हातचलाखी सांगून ठेवते. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या गतीने दाखवतात. चित्रीकरण करताना सेकंदाला १८च फ्रेम घेतल्या आणि दाखवताना २४ने दाखवल्या, तर ताशी ४५ने जाणारी गाडी ६०ने धावताना दिसते. त्यात कॅमेरा रस्त्याला टेकवून ठेवला, लेन्स रुंद घेतली आणि टायरचा किंचाळणारा आवाज नंतर स्टुडिओत चढवला, की काम फत्ते. नट गाडीत बोलत असतो तेव्हा तर अनेकदा ती गाडी ट्रेलरवर चढवलेली असते आणि दुसराच माणूस पुढून ओढत असतो. रस्ता दोन्हीकडून बंद असतो. रुग्णवाहिका उभी असते. वळणापलीकडून एसटी येणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

वरंधला दुसरी गाडी नसते

आता येऊया घाटात. भोरकडून नीरा-देवघरचं पाणी मागे टाकून तुम्ही वर येता, वाघजाईच्या देवळापाशी गरमागरम भजी खाता, समोर कावळ्या किल्ला ढगात असतो. पुढे उतार, माझेरी, वरंध, बिरवाडी, महाड. पहिला पाऊस पडला की इथे बाइक आणि गाड्यांची जत्रा भरते. मोबाइल कुणाच्या तरी हातात असतो आणि वळणावर कुणीतरी 'सीन' करत असतो. मागे बॅकग्राउंड म्युझिक नंतर लागणारच आहे.

पण इथे रस्ता कुणी बंद केलेला नसतो. धुक्यात समोरून दुधाची गाडी येते, एसटी येते. दरडीच्या भीतीने पावसाळ्यात प्रशासन हा घाट कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद करतं, ते उगाच नाही. जुलै २०२१ मध्ये याच महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. जुलै २०१८ मध्ये शेजारच्या पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, एकच जण वाचला. आपल्या भागातल्या माणसाला घाट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

थोडं गणित पुन्हा करू. ताशी ६०ने जाताना एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. धुक्यात तेवढं अंतर तरी दिसतं का? आणि कायदा म्हणाल तर धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रीलला लाइक किती आले, हे तिथे कुणी विचारत नाही.

तेव्हा पाठलागाच्या मालिका बिनधास्त बघा. फ्रेम थांबवून खेळण्यातली गाडी शोधा, खोट्या सीटमधला चालक शोधा, सीआयडीतलं दार कोणत्या बाजूने तुटलं ते बघा. मजा तिथेच आहे. पण उडी दिसली की मनात एक आकडा मोजत जा. जनरल लीच्या मागे तीनशे गाड्या रांगेत उभ्या होत्या. तुमच्या बाइकचा तर अजून हप्ता चालू आहे!