'संपादकांस पत्र' : रीत आणि मान

वाचनालयात वर्तमानपत्र हाती आले की आपल्यापैकी बहुतेक जण खेळाचे पान आधी उघडतात. मी वाचकांच्या पत्रांचे सदर आधी वाचतो. तेथे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे वाद घालत असतात. ते सदर वर्षभर नेमाने वाचले की कोणाच्या शब्दाला वजन आहे आणि कोण नुसता आरडाओरडा करतो, हे आपोआप कळू लागते. हे वजन येते कशाने, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही रीत बरीच जुनी आहे. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. (नावात शंभर असली तरी ती १०८ आहेत!) लेखक गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीचे होते व सरकारी नोकरीत होते. टोपणनावाने लिहायचे म्हटल्यावर हुद्द्याचा टेकू मिळत नाही. पटवायचे ते पत्रातल्या मजकुरानेच.

आज पत्रे बहुधा ई-मेलने जातात, पण रीत फारशी बदललेली नाही. पत्रात विषय एकच असावा. आधीच्या पत्राला उत्तर द्यायचे तर ते कोणत्या तारखेच्या अंकातले, हे सांगावे. टीका मुद्द्यावर करावी, माणसावर नव्हे. टोपणनाव छापायचे असले तरी खरे नाव व पत्ता संपादकांना कळवावा. आणि पत्र आटोपशीर असावे, हे तर सांगायलाच नको. तरीही सहीखाली 'निवृत्त' अमुक-तमुक असे लिहिलेली लांबलचक पत्रे कधीकधी जशीच्या तशी छापली जातात, हेही खरे. हुद्द्याला मान मिळतो. फक्त तो पहिल्या पत्रापुरता पुरतो, असे माझे निरीक्षण आहे.

माझ्यापाशी हुद्दा नव्हता. आमच्या घरात वर्तमानपत्र येत नसे, मग त्यात पत्र कोण लिहिणार? गेल्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या निमित्ताने, मी एक पत्र पाठवले आणि ते छापून आले. त्यात मी 'दर्पण'ला मराठीतले पहिले दैनिक म्हटले होते. चारच दिवसांनी एका वाचकाचे पत्र आले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले ते पाक्षिक म्हणून आणि पुढे साप्ताहिक झाले. ते दैनिक कधीच नव्हते, असे त्यांनी तीन ओळींत लिहिले होते. माझ्या वयाचा किंवा शिक्षणाचा उल्लेखही केला नव्हता. मित्र म्हणाले, "चांगले खरमरीत उत्तर दे!" मी रात्री दोन पाने लिहिलीसुद्धा. त्यात 'दर्पण' कमी आणि माझा अपमानच जास्त होता. सकाळी ती फाडली आणि दोनच वाक्ये पाठवली : चूक माझी, दुरुस्तीबद्दल आभारी आहे. तीही छापून आली. खरे सांगायचे तर वर्गात तोंड दाखवायला दोन दिवस लाज वाटली. पण पुढच्या पत्रात त्याच गृहस्थांनी माझ्या एका मुद्द्याचा आधार घेतला.

टोपणनावाविषयी मात्र माझे मत बदलले आहे. आडून दगड मारण्याची ती सोय आहे, असे मी समजत असे. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे आली. ती रखमाबाईंची होती. त्यांच्या नवऱ्याने त्यांच्यावर लावलेला दावा तेव्हा कोर्टात चालू होता. नाव झाकल्याशिवाय त्यांना बोलता आले असते का?

यंदा आपल्याच महाविद्यालयातील एका मुलीने वसतिगृहाच्या रस्त्यावरील बंद दिव्यांविषयी पत्र लिहिले. घरी कळले तर शिक्षण थांबेल, म्हणून नाव छापू नये, अशी तिने विनंती केली. संपादकांनी खाली 'एक विद्यार्थिनी' एवढेच छापले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते पत्र कोणाचे यावर तर्क चालले होते. एकाने तर ते कोणा मुलाने लिहिले असावे, असे ठामपणे सांगितले. ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती.