शहाबादी फरशी, बंद बाथरूम आणि ॲसिडची बाटली

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघर बहुधा मागच्या बाजूला असे. बंबात पाणी तापे, घंगाळात विसण घातले जाई आणि शहाबादी फरशीवर बसून तांब्याने आंघोळ होई. वारा खेळता असल्याने दुपारपर्यंत फरशी कोरडी होत असे. आता त्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. न्हाणीघराचे बाथरूम झाले, बंबाचा गीझर झाला, तांब्याचा शॉवर झाला. खिडकी मात्र आक्रसली. अनेक घरांत ती अरुंद डक्टमध्ये उघडते आणि तीही बहुतेक वेळ बंदच असते. बाथरूम अस्वच्छ होण्याचे मूळ या न वाळणाऱ्या ओलीत आहे.

शॉवरच्या तोंडावर आणि टाइल्सवर जमणारा पांढरा थर म्हणजे क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. बोअरवेलचे किंवा टँकरने आलेले जड पाणी वापरणाऱ्या घरांत तो लवकर धरतो. याच कॅल्शियमचा साबणाशी संयोग होऊन चिकट, न विरघळणारी साय तयार होते. तिच्यावर पाय घसरतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत असे एक घसरणे म्हणजे खुब्याचे हाड मोडून महिनोन्‌महिने अंथरुणावर पडणे ठरू शकते.

सांध्यांत दिसणारा गुलाबी बुळबुळीत थर बहुधा जिवाणूंचा असतो. सेराशिया मार्सेसेन्स हा त्यांतला नेहमीचा. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही. काळे ठिपके बुरशीचे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांचा खोकला आणि शिंका तिच्यामुळे वाढू शकतात.

हे सगळे घालवायला घरोघरी हात जातो तो ॲसिडच्या बाटलीकडे. शौचालय स्वच्छ करण्याच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि सुटे मिळणारे ॲसिड तर त्याहून तीव्र असते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. म्हणजे जो पांढरा थर काढायचा, त्याच पदार्थाची ती फरशी. ॲसिड ओतल्यावर येणारा फेस मळाचाच असतो असे नाही, फरशीही झिजत असते. ती खरबरीत होते आणि पुढच्या खेपेला मळ अधिक घट्ट धरून ठेवते. संगमरवराचे आणि टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटचेही तेच.

खरा धोका याच्या पुढचा आहे. ॲसिडने डाग गेला नाही म्हणून वर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण टाकले, की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने सोडलेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि फरशी घासणारी व्यक्ती उकिडवी बसलेली असते. ही व्यक्ती पुष्कळदा कामाला येणाऱ्या मावशी असतात. बाटलीवरच्या सूचना त्यांना कोणी वाचून दाखवलेल्या नसतात. डोळे चुरचुरणे, घसा जळणे, खोकल्याची उबळ आणि छाती आवळल्यासारखी वाटणे ही लक्षणे लगेच दिसतात. मात्र फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केले तरी क्लोरीन सुटतो. अमोनिया असलेल्या द्रवाबरोबरही ब्लीच घातकच.

असे घडले तर बादली आवरत बसू नये. तडक मोकळ्या हवेत यावे, दार-खिडक्या उघडाव्यात. ॲसिड डोळ्यांत किंवा अंगावर उडाले असल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. धाप लागली किंवा खोकला थांबेना तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चुकून ॲसिड पोटात गेल्यास उलटी करवू नये; अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. म्हणूनच ॲसिड पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

स्वच्छतेला याहून सोपा मार्ग आहे. आंघोळ झाली की वायपरने भिंती आणि फरशीवरचे पाणी निपटून काढावे आणि दार उघडे ठेवावे किंवा एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटे चालवावा. आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या द्रवाने फरशी आणि भिंती ब्रशने घासाव्यात; साबणाची साय त्याने निघते. बुरशीसाठी ब्लीच वापरायचे तर पाण्यात पातळ करून, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि एकटेच वापरावे. त्या दिवशी दुसरे काहीही नाही.

शॉवरच्या तोंडासाठी महिन्यातून एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूफूल भरावे, तोंड त्यात बुडेल अशी ती रबरबँडने बांधावी आणि अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून पाणी सोडावे. हे सौम्य आम्ल फरशीवर सांडल्यास लगेच धुवावे.

शॉवरच्या आतही लक्ष हवे. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ पसरली, तेव्हा तो प्रथम ओळखीचा झाला. तो पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात शिरतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना त्याचा धोका अधिक. त्यामुळे गावाहून परतल्यावर शॉवर काही मिनिटे वाहू द्यावा आणि तोवर बाहेर थांबावे. साठवणीच्या गीझरमधले पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यावे, पण अंगावर घेताना गार पाणी मिसळूनच घ्यावे.

गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. क्लोरीन निदान नाकाला झोंबून सावध करतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. खिडकी उघडी ठेवण्याची सवय बुरशीसाठी जितकी गरजेची, त्याहून अधिक ती यासाठी आहे.