विश्लेषण : २५ डिसेंबर हा ‘भारतीय स्त्रीमुक्ती दिन’ कसा झाला? महाडच्या स्त्रियांची नोंद कोणी ठेवली?

आठ मार्चचा महिला दिन सर्वांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रातील अनेक स्त्री संघटना मात्र २५ डिसेंबर हा दिवस ‘भारतीय स्त्रीमुक्ती दिन’ म्हणून पाळतात. त्याचे मूळ आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडमध्ये, १९२७ साली झालेल्या मनुस्मृती दहनात आहे. घटना गाजलेली, पण तिचे स्त्रियांशी असलेले नाते ठळकपणे मांडले जाण्यासाठी सहा दशके जावी लागली. ते काम केले लिहित्या स्त्रियांनी.

समुद्रमार्गे महाडला का?

डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघाले, तेव्हा त्यांनी धरमतरवरून मोटारीने जाण्याचे टाळले. मोटारमालकांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर वाटेतच अडकून पडण्याची भीती होती. म्हणून ‘पद्मावती’ बोटीने ते मुंबईहून निघाले आणि सावित्री नदीवरील दासगाव बंदरामार्गे महाडला पोहोचले. हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्या खाडीतून तेव्हा आतपर्यंत जलवाहतूक चाले. दासगावहून महाड साधारण पाच मैल. वाहन मिळाले नाही तरी चालत जाता येईल, हा हिशेब त्यामागे होता.

दासगावची निवड केवळ सोयीची नव्हती. या पट्ट्यात चळवळीची जमीन आधीच नांगरलेली होती. अस्पृश्यतेवर प्रहार करणारे ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. महाड परिषदेच्या संघटनेत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे हेही याच परिसरातले. हा जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे.

तळ्याच्या प्रश्नात मनुस्मृती कुठून आली?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे कागदोपत्री जाहीर केले. प्रत्यक्षात पाणी भरायला कोणाची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, आणि पुढे शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला.

त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत तळ्याचा सत्याग्रह स्थगित ठेवावा लागला. मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. २५ डिसेंबरच्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार ग्रंथ जाळण्यात आला. पां. ना. राजभोज यांनी ठरावाला अनुमोदन दिले होते. परिषदेसाठी जागा मिळू नये म्हणून गावात बरीच खटपट झाली. अखेर मंडपासाठी जमीन दिली ती फत्तेखान या मुस्लीम गृहस्थाने.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो : दोन हजार वर्षे जुन्या ग्रंथाचा १९२७ साली काय संबंध? संबंध होता. विल्यम जोन्स याने १७९४ मध्ये मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि ब्रिटिश अमलात ‘हिंदू कायदा’ म्हणून जे आकाराला आले, त्याच्या आधारग्रंथांत मनुस्मृती होती. वारसा, विवाह, विधवेचा हक्क असे प्रश्न न्यायालयात जात तेव्हा धर्मशास्त्राचे दाखले निघत. शूद्रातिशूद्रांना विद्या आणि मालमत्ता नाकारणारा हाच ग्रंथ स्त्रीला बालपणी पिता, तारुण्यात पती आणि वार्धक्यात पुत्राच्या ताब्यात ठेवतो. तिला स्वतंत्र असण्याची मुभा देत नाही.

जात आणि स्त्री यांचा हा सांधा आंबेडकरांना महाडमध्ये अचानक सापडला नव्हता. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचा पाया म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, असे मांडले होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंदिस्तीसाठी लागणारी साधने आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या भाषणातही त्यांनी पाण्यापाशी न थांबता बेटीबंदीचा मुद्दा काढला. एकत्र पाणी पिणे वा जेवणे पुरेसे नाही. जात टिकते ती लग्नाच्या कुंपणावर, असा त्याचा रोख होता.

स्त्रियांच्या सभेत काय झाले?

परिषदेच्या अखेरीस आंबेडकर महाडला आलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यता निवारण हे काम पुरुषांइतकेच, किंबहुना अधिक, स्त्रियांचे आहे असे त्यांनी सांगितले. मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला दारात उभे करू नका, असे ते भाषण थेट घरात शिरणारे होते.

पण सर्वाधिक लक्षात राहिला तो लुगड्याचा मुद्दा. गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे, गळ्यातील ढीगभर माळा, हातांत कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत; त्या टाका आणि इतर स्त्रियांसारखे घोट्यापर्यंत लुगडे नेसा, असे त्यांनी सुचवले. घरी परतण्यापूर्वीच अनेकींनी नेसण्याची पद्धत बदलली. टिपणीस आणि चित्रे या चळवळीत सामील झालेल्या कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना लुगडे नेसायला मदत केली, अशी नोंद आहे.

आजच्या वाचकाला हा मुद्दा किरकोळ वाटू शकतो. तो तसा नव्हता. कोणत्या जातीच्या बाईने किती लांब नेसायचे, कोणता दागिना घालायचा, हे गाव ठरवत असे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात लिहिले आहे की, महार स्त्रियांना लुगड्याचा काठ दिसणार नाही अशा रीतीने तो निऱ्यांत दडवावा लागे. काठ दिसणे हा उच्चवर्णीय बाईचा हक्क. म्हणजे महाडहून नव्या पद्धतीचे लुगडे नेसून गावी परतणारी बाई वेशीवरच सर्वांच्या नजरेत येणार होती. तळ्यावर गेलेला पुरुष गर्दीत मिसळून जाऊ शकला असता. या बाईला ती सोय नव्हती.

मग या स्त्रिया इतिहासात कुठे होत्या?

बहुतेक ठिकाणी ‘महिलावर्ग’ या एका शब्दात. महाडच्या वृत्तांतांत ठराव मांडणारे, अनुमोदन देणारे, जमीन देणारे, खटला भरणारे अशा पुरुषांची नावे मिळतात. स्त्रिया दिसतात त्या प्रामुख्याने ऐकणाऱ्या म्हणून. ऐकून घरी गेल्यावर त्यांचे काय झाले, कोणी टोमणे खाल्ले, कोणी मुलीला शाळेत घातले, हे विचारायला फारसे कोणी गेले नाही.

ही उणीव ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेरली. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातून आलेल्या पवार कथालेखिका, तर मून या आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्या आणि संपादक. दोघींनी मिळून जुनी नियतकालिके, परिषदांचे अहवाल चाळले आणि चळवळीत वावरलेल्या, तोवर हयात असलेल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक ‘स्त्री उवाच’ प्रकाशनाने काढले. शीर्षकातला ‘ही’ महत्त्वाचा आहे. तो एकाच वेळी दोन दिशांना बोलतो : दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या पुरुषांना आणि स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिणाऱ्या सवर्ण मध्यमवर्गीय स्त्रियांनाही.

पुस्तकाने महाडला एका मोठ्या साखळीत बसवले. महाडनंतर लगेच, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत रमाबाई आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले. १९३० च्या नाशिक काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रिया होत्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिला सुमारे २५ हजार स्त्रिया आल्याचे सांगितले जाते. ‘ऐकणाऱ्या’ स्त्रिया पंधरा वर्षांत व्यासपीठावर कशा पोहोचल्या, हे या क्रमातून दिसते.

लिहिणे किती अवघड होते, याचाही विचार करायला हवा. बेबी कांबळे यांनी आपले आत्मकथन जवळपास वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ते आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. पवार यांचे ‘आयदान’ २००३ मधले. या लेखिकांनी सवर्णांवर बोट ठेवले तसे घरातल्या पुरुषांवरही ठेवले. मारझोड, संशय, बाईच्या कमाईवर आणि वेळेवर हक्क सांगणे, हे सारे त्यांच्या लेखनात आहे. चळवळीतल्या काहींना ते रुचले नाही. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात मनू उरला आहे का, हा प्रश्न विचारायला त्या कचरल्या नाहीत आणि या लेखनाचे खरे बळ तिथे आहे.

२५ डिसेंबरचा प्रस्ताव कोणाचा?

डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपूर येथे ‘विकास वंचित दलित महिला परिषद’ भरली. प्रमिला लीला संपत यांच्या पुढाकाराने झालेल्या या परिषदेत २५ डिसेंबर हा ‘भारतीय स्त्रीमुक्ती दिन’ म्हणून पाळण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९९५ च्या आसपास दलित स्त्रियांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहत होत्या. स्त्रीमुक्ती चळवळीत जात आणि दलित चळवळीत स्त्री बाजूला पडते, ही त्यांची तक्रार होती.

या वादाला अभ्यासाची बैठक दिली ती प्रामुख्याने शर्मिला रेगे यांनी. पुणे विद्यापीठातील सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. १९९८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मधील लेखात त्यांनी चंद्रपूरच्या प्रस्तावाची दखल घेतली. दलित स्त्रियांचे म्हणणे ‘वेगळे’ आहे म्हणून कोपऱ्यात ठेवणे सोपे आहे; त्या जे सांगतात त्यावरून सगळ्याच स्त्रीवाद्यांनी आपली मांडणी बदलली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २०१३ मध्ये, निधनापूर्वी काही काळ, त्यांनी आंबेडकरांचे ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखन संकलित करून ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ हे पुस्तक सिद्ध केले. महाडपासून हिंदू कोड बिलापर्यंतची वाट त्यात एका रेषेत दिसते. हे बिल रखडल्याचे कारण पुढे करत आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप तारखेचा. ८ मार्च जगभर असताना वेगळा दिवस कशाला? यावर उत्तर असे की, कामगार स्त्रियांच्या लढ्यातून आलेल्या ८ मार्चला कोणी नाकारत नाही. पण भारतातील बाईचे बंधन जातीशी जोडलेले असल्याने त्या गाठीवर घाव घालणारा दिवस इथला हवा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो स्त्रीवाद्यांमधूनच येतो. समाज सुधारायचा तर आधी बाईने लुगडे बदलावे, दागिने उतरवावेत, घर स्वच्छ ठेवावे, म्हणजे प्रतिष्ठेचे ओझे पुन्हा तिच्याच अंगावर. आणि अनुकरण कोणाचे, तर उच्चवर्णीय स्त्रीचे. आक्षेपात तथ्य आहे. मात्र १९२७ च्या महाडमध्ये लुगड्याची लांबी ही आवडीनिवडीची बाब नव्हती. ती लादलेली खूण होती. ती झुगारणे आणि कोणाची नक्कल करणे यांतला फरक नेसणाऱ्या बाईला नक्कीच कळत असणार.

आज काय स्थिती?

चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दर २० मार्चला महाडला मोठी गर्दी लोटते. २०२७ मध्ये तळ्याच्या सत्याग्रहाला आणि मनुस्मृती दहनाला शंभर वर्षे पूर्ण होतात. दरम्यान या इतिहासाचे लेखन मराठीबाहेरही गेले आहे. वंदना सोनाळकर यांनी २००८ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’चा आणि २०१९ मध्ये रामचंद्र मोरे यांच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद केला. पवार आणि मून यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, ती पिढी आता नाही. दासगावहून चालत महाडला गेलेल्या, लुगडे बदलून परतलेल्या बहुतेक स्त्रियांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. रायगड किनाऱ्यावरच्या गावांत त्यांच्या नाती-पणत्या आहेत. घरात सांगितल्या गेलेल्या गोष्टी आता त्यांच्याकडूनच मिळू शकतात.